जुन्या मारुतीची तहान

दुभती गाय आणि जुनी मोटार, दोघींचा हिशेब एकच. काय घातले आणि काय मिळाले, हे बघत राहावे लागते. गाईच्या बाबतीत हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पेंडीचे पोते किती दिवस पुरले आणि डेअरीच्या पुस्तकात किती लिटर चढले, हे घरातल्या बायका तोंडपाठ सांगतात. पण दारातली जुनी गाडी लिटरला किती धावते असे विचारले, तर आपण बेधडक सांगतो, "देते की सोळा-सतरा!" हे सोळा-सतरा मोजले कोणी? बहुधा ज्याने गाडी विकली त्यानेच सांगितलेले असतात.

आमचेही तसेच झाले. मेहुण्यांनी नवी गाडी घेतली आणि त्यांची जुनी कार्बोरेटरची मारुती ८०० आमच्या दारात आली. आईला दवाखान्यात न्यायला, बाजारला भाजीच्या दोन पाट्या टाकायला, पावसाळ्यात पोरांना शाळेत सोडायला गाडी मोठ्या सोयीची. पण पंपावर गेले की खिसा रिकामा. एकदा आठवड्याच्या बाजारात एकजण पेट्रोलच्या नळीला लावायचे लोहचुंबक विकत होता. "लिटरमागे पाच किलोमीटर वाढतील," असे छातीठोक सांगत होता. तिकडे आमचा धाकटा चुलत भाऊ म्हणाला, "दादा, ते चुंबक राहू दे. माझ्या ओळखीचा एकजण डिकीत घरचा सिलिंडर बसवून देतो. पेट्रोलची कटकटच नको."

मी दोन्हींचा विचार करू लागलो. तेव्हा घरातून आवाज आला, "अहो, गाईला खुराक वाढवायच्या आधी तुम्ही दूध मोजता ना? मग गाडीचं आधी मोजा की!" बोलणे बिनतोड होते. दुसऱ्या दिवशी पोराची एक जुनी वही गाडीत ठेवली.

आधी मोजा, मग बोला

मोजायची रीत सोपी आहे. पंपावर टाकी भरायला सांगा. नोझल पहिल्यांदा 'टक्' करून थांबले की तिथेच थांबवा. वर पुन्हा घालू देऊ नका. मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहा. मग नेहमीसारखी गाडी वापरा. दोनशे-अडीचशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर जाऊन पुन्हा तसेच 'टक्' होईपर्यंत भरा. या खेपेला जेवढे लिटर बसले तेवढे तुम्ही जाळले. किलोमीटरला लिटरने भागा. एकाच वेळच्या आकड्यावर विसंबू नका. तीन वेळा मोजून सरासरी काढा.

मीटरचीही एकदा परीक्षा घ्या. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून दहा किलोमीटर जा आणि मीटर किती फिरले ते बघा. आधीच्या मालकाने मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर मीटर कमी दाखवते.

आमचा पहिला हिशेब २३८ किलोमीटरला १७ लिटर, म्हणजे लिटरला १४. सोळा-सतरा कुठल्या कुठे गेले!

नवे काही नको, मूळचे जागेवर आणा

वही घेऊन तालुक्याच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. चुंबकाचे विचारताच ते हसले. म्हणाले, "बापू, ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा कमीच पीत होती. नंतर तिला लोकांनी बिघडवलं. आपण काही बसवायचं नाही. जे बिघडवलंय ते उतरवायचं."

गोष्ट खरी होती. मारुती ८०० पहिल्यांदा १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली. पहिल्या गाडीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींनी दिली होती. ७९६ सीसीचे, ३ सिलिंडरचे लहान इंजिन आणि हलका पत्रा, ही तिची मूळ पुंजी. २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले, पण खेड्यापाड्यांत ती अजून धावते आहे. एवढ्या वर्षांत चार मालक आणि दहा गॅरेजे पाहिल्यावर मूळ पुंजीत किती उरणार?

मिस्त्रींनी गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये उभी केली आणि मला ढकलायला सांगितली. एका माणसाला सहज सरकायला हवी, ती हलेना. मग चार किलोमीटर फिरवून आणली आणि चाकांजवळ हात धरला. मागचे डावे चाक चांगलेच तापले होते. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती आणि ब्रेक अर्धवट धरूनच गाडी पळत होती. म्हणजे बैलाच्या पायाला लोढणे बांधून औत हाकण्यातला प्रकार! केबल बदलली आणि चाके मोकळी झाली. तुम्हीही ही परीक्षा घ्या, मात्र तापलेल्या ड्रमला उघडा हात लावू नका.

दुसरी गोष्ट टायरची हवा. कमी हवेचा टायर रस्त्याला चिकटून चालतो आणि इंजिनाला जास्त ओढायला लावतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली हवा भरा आणि ती टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघतानाच मोजा. पंधरवड्यातून एकदा पुरे. आमच्या गाडीला दिसायला बरे म्हणून रुंद टायर घातलेले होते. ते झिजल्यावर मूळ मापाचे घातले.

तिसरी हवेची जाळी, म्हणजे एअर फिल्टर. आपल्या रस्त्यांवरची धूळ आणि मळणीच्या दिवसांतला भुसा यांनी ती लवकर बुजते. कार्बोरेटरच्या गाडीला हवा कमी पडली की पेट्रोलचे प्रमाण आपोआप वाढते. नळीतून काळा धूर येतो आणि प्लग काजळीने भरतात. मिस्त्री प्लग काढून आधी रंग बघतात. फिका तपकिरी असेल तर इंजिन नीट जळते आहे आणि काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल वाया जाते आहे, असे समजावे. सकाळी ओढलेली चोकची नॉब इंजिन तापल्यावर आत ढकलायला विसरलात, तरी हेच होते.

चौथी गोष्ट मला नवीनच कळली. इंजिन तापते म्हणून पूर्वी कोणीतरी थर्मोस्टॅट काढून फेकला होता. अनेक गॅरेजांत हा सोपा उपाय करतात. पण थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर गरम होत नाही, तापमानाचा काटा खालीच राहतो आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल पिते. चूल पेटत नाही तोवर काटक्या किती जातात हे आपल्या घरच्या बायकांना विचारा! रेडिएटर साफ करून घेतला आणि थर्मोस्टॅट पुन्हा बसवला.

मग पॉइंट आणि टायमिंग मापाने लावले. कार्बोरेटरची सेटिंग मात्र कानाने न करता पीयूसीच्या यंत्राजवळ केली. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा आकडा जास्त आला, की पेट्रोल अर्धवट जळते आहे हे कोणालाही दिसते. शेवटी टपावरचे रिकामे कॅरिअर, पुढचा लोखंडी गार्ड आणि डिकीतला पाना-पहार, दोरखंड, खताचे अर्धे पोते असा संसार उतरवला. लोखंडी गार्ड तर कायद्यालाही धरून नाही.

पायाखालचे पेट्रोल

गाडी दुरुस्त झाली, आता चालवणारा दुरुस्त व्हायला हवा! पेट्रोल बचतीचा प्रसार करण्यासाठी केंद्र सरकारने १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना स्थापन केली. तिचा जुनाच सल्ला आहे की ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने गाडी चालवा. या वेगाला वरचा गिअर टाकावा आणि पाय हलका ठेवावा. पुढे म्हशी दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबायचा आणि जवळ जाऊन करकचून ब्रेक मारायचा, यात पेट्रोल आणि ब्रेक दोन्ही जळतात. डेअरीसमोर गप्पा मारताना इंजिन बंद करा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. घाट उतरताना न्यूट्रल टाकू नका आणि इंजिन तर मुळीच बंद करू नका. इंजिन बंद झाले की व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेकचा जोर दोन-तीन दाबांत संपतो. किल्ली मागे फिरली तर स्टिअरिंग अडकू शकते. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार तापलेल्या ब्रेकवर येतो. शिवाय इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय गाडीत गिअरमध्ये उतरताना पेट्रोल आपोआप तुटते, न्यूट्रलमध्ये ते चालूच राहते. म्हणजे जीवही धोक्यात आणि बचतही नाही.

अमेरिकेतली चुलत बहीण

कोणी म्हणेल, परदेशात तर लोक जुन्या गाडीला काय काय बसवून लिटरला तीस-तीस काढतात. हे खरे आहे. अमेरिकेत सुझुकीच्याच घराण्यातली, ३ सिलिंडरची जिओ मेट्रो नावाची गाडी होती. तिच्याच कुळातली मारुती १००० आपल्याकडे १९९० साली आली. जिओ मेट्रोचा एक्सएफआय हा प्रकार सरकारी चाचणीत महामार्गावर गॅलनला ५८ मैल, म्हणजे लिटरला साडेचोवीस किलोमीटरच्या वर गेला होता. तिथले हौशी लोक अशा गाडीच्या पुढच्या जाळ्या झाकतात, चाकांवर सपाट झाकणे लावतात आणि ती आणखी ताणतात.

पण त्यांची गाडी तासन् तास शंभराच्या वेगाने धावते. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, म्हणून तिथे हवा कापण्याला महत्त्व. आपण गावच्या रस्त्याने तीस-चाळीसने जातो. तिथे हवेपेक्षा खड्डे, ब्रेक आणि गिअर जास्त खातात. वर वैशाखात जाळी झाकली तर रेडिएटर उकळेल!

झटपट उपायांची खोड

चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, डांबराच्या गोळ्या, यांच्या नादी लागू नका. रॉकेल मिसळाल तर इंजिन ठोके मारील, तेल पातळ होईल आणि वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट दुरुस्तीला जातील.

घरगुती सिलिंडरची गोष्ट याहून गंभीर आहे. तो गाडीत बसवणे बेकायदा आहे, आणि तो गाडीच्या हादऱ्यांसाठी केलेलाही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर बंद डिकीत आणि सीटखाली साचून राहतो. मग एक ठिणगी पुरते. मी भावाला एवढेच विचारले, "मागच्या सीटवर कोण बसतं रे?" त्याची दोन्ही पोरे बसतात. त्याने तो विचार सोडला.

गॅसवर चालवायचीच असेल तर त्याच मॉडेलसाठी मंजुरी असलेला सीएनजी किंवा ऑटो-एलपीजी संच अधिकृत केंद्रातून बसवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाची आरटीओकडे नोंद करून आरसीवर चढवावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. सीएनजीच्या टाकीची दर ३ वर्षांनी चाचणी करावी लागते. गॅसचा पंप गावापासून किती लांब आहे, हेही आधी बघा.

उसाचे पेट्रोल आणि जुनी रबरे

आता एक गोष्ट आपल्या घरची. आपल्या उसाच्या मळीपासून, रसापासून आणि मक्यापासून इथेनॉल होते, ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२२ साली हे प्रमाण दहा टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. कारखान्याला त्यातून पैसा मिळतो, हे आपल्या भल्याचेच आहे. पण जुन्या गाडीवाल्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक म्हणजे, एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ताकद असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणात निव्वळ पेट्रोलच्या मानाने साधारण सहा-सात टक्के ताकद कमी भरते. पूर्वी १६ देणारी गाडी १५ देऊ लागली तर मिस्त्रीला दोष देऊ नका. दुसरे म्हणजे, जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली रबरे इथेनॉलने फुगतात, चिरतात. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवते, तो फिल्टरमध्ये अडकतो. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घाला, पेट्रोल फिल्टर बदला आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. गाडीत पेट्रोलचा वास आला तर आधी गळती शोधा, मगच किल्ली फिरवा.

वहीचा शेवटचा आकडा

ही सगळी कामे एकदम केली नाहीत. दर महिन्याला एक, आणि प्रत्येक कामानंतर वहीत नोंद. त्यामुळे कशाने किती फरक पडला ते कळत गेले. सर्वांत मोठा फरक त्या अडकलेल्या ब्रेकने पडला. वर्षाखेरीस सरासरी १८ वर आली.

महिन्याला ६०० किलोमीटर धरा. लिटरला १४ ने ४३ लिटर लागत होते, १८ ने ३३ लागतात. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला साधारण हजार रुपये घरात राहिले. केबल, थर्मोस्टॅट, प्लग, फिल्टर आणि मजुरीचा खर्च चार महिन्यांत निघून आला. आता ते हजार रुपये मुलीच्या शिक्षणासाठी पोस्टात जातात, आणि ते कशातून आले हे सांगायला घरची मंडळी चुकत नाहीत!

तेव्हा येत्या बाजाराच्या दिवशी काही विकत घेण्याआधी एक वही घ्या. टाकी भरा, किलोमीटर लिहा आणि गाडी एकदा सपाट जागी ढकलून बघा. ती कशासाठी कण्हते आहे, हे तिथेच कळेल.