बिलातली न वाचलेली ओळ

विजेच्या बिलावर बोलणार म्हटल्यावर आमच्या घरात हशा पिकला. बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. त्याचा आकड्यांशी संबंध तो काय? पण बिलातली एक ओळ आम्ही पंधरा वर्षे वाचली नाही आणि तिचा भुर्दंड माझ्या धाकट्या बहिणीने सोसला. म्हणून बोलतो आहे.

मेढ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या भागात अब्बांचे सायकलचे दुकान होते. त्याचे मीटर वेगळे होते. २००९ साली अब्बा गेले आणि दुकान बंद झाले. मग बहीण मुलाला घेऊन त्याच दोन खोल्यांत राहू लागली, शिवणकाम करू लागली. २०२४ च्या पावसाळ्यात ती म्हणाली, "भाई, महिन्याला सत्तर युनिट जळतात आणि बिल चौदाशेच्या घरात. शिलाईचे पैसे तारेतूनच निघून जातात."

चष्मा लावून बिल वाचले. 'दर संकेत' या ओळीत वाणिज्यिक दर होता. दुकान गेले, पण मीटर दुकानाचेच राहिले; बदलाचा अर्ज आम्हीच कधी केला नव्हता.

मुंबईत काही भागांत वीज देणारी कंपनी बदलता येते. आपल्याकडे महावितरण एकच आणि दर ठरवतो वीज नियामक आयोग. पण आपण कोणत्या वर्गात बसतो, हे पाहणे आपल्या हातात असते. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकात सिंगल फेज घरगुती जोडणीचा स्थिर आकार महिना १२८ रुपये होता, लहान दुकानाचा ५१७. त्यावर वीज शुल्क घराला १६ टक्के, दुकानाला २१ टक्के.

बहिणीला शंका आली, घरात मशीन चालते, मग घरगुती दर मिळेल का? मिळतो. राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल, वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर आयोगाच्या आदेशानुसार घरगुती दरच लागतो. आम्ही अर्ज दिला, सोबत ताजे बिल आणि कागदपत्रे जोडली. दर बदलला आणि बिल सव्वासहाशेच्या आसपास आले.

आता दुसरी गोष्ट. पुष्कळांना वाटते की शंभर युनिट ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात. तसे नाही. त्याच दरपत्रकात पहिल्या १०० युनिटना ४ रुपये ७१ पैसे आणि पुढच्या २०० युनिटना १० रुपये २९ पैसे असा दर होता. १२० युनिट जाळले, तर पहिल्या शंभरांचे ४७१ रुपये आणि वरच्या फक्त वीसांचे सुमारे २०६. वहन आकार आणि इतर आकार त्यावर वेगळे. दर पुढे बदलतात, हिशेबाची रीत हीच राहते. म्हणजे काटकसर करायची ती या वरच्या वीस युनिटांत.

ते कुठून वाचवायचे? हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. दोन हजार वॉटचा गीझर रोज अर्धा तास लावला, तर महिन्याला तीस युनिट. आमच्या अम्मीने तांब्याचा बंब मोडीत काढू दिला नाही, तेव्हा आम्ही तिला हसलो होतो. जुना पंचाहत्तर वॉटचा पंखा बदलून तीस वॉटचा लावला आणि तो रोज दहा तास फिरला, तर महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात.

तिसरी गोष्ट वेळेची. जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत लागू झाली. ज्यांच्या घरी असे मीटर आहे, त्यांनी इस्त्री आणि पाण्याची मोटर रात्रीऐवजी दुपारी लावावी.

आमच्या जावळी तालुक्यात बामणोलीपर्यंत कोयनेचा जलाशय पसरला आहे. त्या पाण्यावर वीज होते, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. घरातल्या विजेचे बिल मात्र वाचता येत नव्हते. या महिन्याचे बिल आले की रक्कम पाहण्याआधी 'दर संकेत' पाहा. बंद पडलेल्या दुकानाचे, गिरणीचे मीटर घरात असेल, तर आधी तेच पाहा. बहीण म्हणते, वाचलेल्या पैशांतून मुलाची वह्या-पुस्तके येतात.