टिपेश्वरच्या वाघाची ओळख आणि देणगीदारांची वही

डिसेंबर २०२४मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग अभयारण्यात कॅमेरा ट्रॅपसमोरून एक वाघ गेला. त्या भागात वाघ दिसणं हेच नवल. अंगावरचे पट्टे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले, तेव्हा पाहुणा निघाला आमच्या पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वरचा. बातमी वाघाची झाली. मला जास्त मोलाची वाटली ती जुनी छायाचित्रं. ती कुणीतरी काढली, क्रमांक लावून जपली, म्हणून ओळख पटली. असल्या कंटाळवाण्या कामाला पैसा कोण देतं?

आपल्याकडे अशा कामाला पैसा देण्याची रीत जुनी आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत दोघे मराठी डॉक्टर होते : प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. पुढच्याच वर्षी सोसायटीला जागा मिळाली ती हर्बर्ट फिप्सन या दारूच्या व्यापाऱ्याच्या दुकानात. (देशी निसर्गविज्ञानाचा पहिला मोठा आश्रयदाता वाइन विकणारा निघावा, हे आपल्या नैतिक कथांच्या पुस्तकात बसायचं नाही.) १९११मध्ये सोसायटीने सस्तन प्राण्यांची देशव्यापी पाहणी सुरू केली आणि ती १९२३पर्यंत चालवली. त्यासाठी सभासदांकडून, संस्थानिकांकडून आणि सरकारकडून वर्गणी गोळा झाली. त्या पैशातून नमुने गोळा करणाऱ्यांचे पगार निघाले. बारा वर्षं उंदीर, वटवाघळं, खारी जमवायला लोकांनी पैसे दिले, हे आज सांगितलं तर देणगीदार भुवया उंचावतील.

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींची तऱ्हा आणखी वेगळी. पांढरकवड्याहून दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेव्हा निजामाचं राज्य लागे. १९३१मध्ये त्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी हाती घेतली, ती बिनपगारी. दरबाराने फक्त खर्च द्यायचा. म्हणजे पैसा दरबाराचा आणि दान संशोधकाचं. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी त्याहून पुढची पायरी गाठली. १९४६मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली आणि तिच्यासाठी त्यांनी आपली मिळकतच मागे ठेवली. आज ती संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. शिक्षणाच्या बाजूचं मला आवडणारं उदाहरण पुण्याच्याच आयुका या खगोलविज्ञान संस्थेतलं. मुलांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत विज्ञान शिकावं म्हणून तिथे मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिची ‘पुलस्त्य’ ही इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झाली. विनोदी लेखकाच्या कमाईवर प्रयोगशाळा उभी राहते, ही खास मराठी गोष्ट.

आता पुन्हा टिपेश्वर. १९९७चं हे अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. वाघांची पोरं वयात आली की इथे जागा पुरत नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने वन विभागासोबत इथल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली. जूनमध्ये तो निघाला, तेलंगणात डोकावला, हिंगोली, वाशीम, अकोला करत डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एप्रिल २०२०मध्ये कॉलर निघेपर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरवर गेली होती. शेताच्या बांधांतून, नाल्यांच्या काठांनी वाघ प्रवास करतात हे या नोंदींनी नकाशावर आणलं. हा अभ्यास सरकारी होता. खासगी मदत सहसा शेजारच्या कामांना मिळते. हेमेंद्र कोठारींनी २००२मध्ये स्थापन केलेला वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्ट मध्य भारतात वनरक्षकांचं प्रशिक्षण, साधनं आणि वाघांची मोजणी यांत आहे. अमरावतीचं सातपुडा फाउंडेशन जंगलालगतच्या गावांत काम करतं.

कंपन्यांचा पैसाही आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात आणि वन्यजीव त्या यादीत आहेत. पण एखादा चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षं चालवता येतो. वाघिणीची पिल्लं आईपासून दूर व्हायलाच दोनेक वर्षं जातात. त्यांचं पुढे काय झालं हे कळायच्या आत प्रकल्पाचा अहवाल छापून झालेला असतो. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर तर तो पैसा दुसऱ्या संस्थेला वाटणंच बंद झालं. मोठ्या शहरातल्या संस्थेकडून तालुक्यातल्या छोट्या संस्थेकडे येणारी वाट त्यामुळे मिटली.

शिवाय देणगीदाराला वाघ हवा असतो, वाघाशेजारचा माणूस नको. २०१८मध्ये पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूंचा आरोप असलेली टी-१ वाघीण, म्हणजे अवनी, गोळीने मारली गेली. तेव्हा देशभर तिच्यासाठी मोर्चे निघाले. गेलेल्या गुराख्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरांसाठी तेवढी हळहळ दिसली नाही, आणि हे इथल्या लोकांच्या अजून मनात आहे.

आमच्या तालुक्यात दान कमी नाही. केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रात ते दिसतं. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, दोन बारावी झालेल्या पोरांना कॅमेरे तपासायला, पावलांचे ठसे टिपायला आणि तारेचे फास शोधायला दहा वर्षं पगार द्यायचा, एवढं एखाद्या जिनिंगवाल्याने मनावर घेतलं तर त्याला कुठल्या कलमाचा आधार लागणार नाही. पावतीवर वाघाचं चित्र मात्र छापावं लागेल. त्याशिवाय दुसरा देणगीदार येणार नाही.