थरथर आणि मिणमिण : पिकअपचा बिघाड शोधायचा कसा?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज समोर बरेच ड्रायव्हर, गाडीमालक दिसताहेत, म्हणून थेट एका गाडीपासूनच सुरुवात करतो.

नारायणगावच्या बाजूचा एक तरुण माझ्याकडे आला होता. जुनी डिझेल पिकअप, यांत्रिक पंपाची. टोमॅटो भरायचा, माळशेज घाटातून खाली उतरायचा आणि पहाटेच्या आत वाशीचं मार्केट गाठायचं. गाडीवर कर्ज. तक्रार काय, तर सकाळी सेल्फ जड फिरतो. एका ठिकाणी सांगितलं बॅटरी गेली. नवी बॅटरी टाकली. आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी सेल्फ उतरवून बुश, कार्बन बदलले. तरी तेच. माझ्याकडे येईपर्यंत सात-आठ हजारांचा चुराडा झाला होता. आणि जाता जाता तो सहज म्हणाला, "सर, हल्ली ॲक्सिलरेटर कधी कधी अडकतो. पाय काढला तरी लगेच खाली येत नाही." मी म्हटलं, बाबा रे, हे तू शेवटी सांगतोयस? उतारावर माल भरलेला असताना ॲक्सिलरेटर अडकला तर काय होईल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता आपण काय करतो बघा. सेल्फ जड फिरला की बॅटरी बदला, नाहीतर सेल्फ बदला. म्हणजे बदलून बघायचं. मी विद्यार्थ्यांना सांगतो, आधी मोजा, मग बदला. दोनअडीचशे रुपयांचा मल्टिमीटरसुद्धा चालतो.

आम्ही मोजलं. गाडी रात्रभर उभी होती, बॅटरीवर १२.६ व्होल्ट. म्हणजे भरलेली. सेल्फ मारताना ती १०.८ वर आली. डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना १० च्या आसपास किंवा वर राहिली तर बॅटरीला दोष देऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर १४.१, म्हणजे अल्टरनेटरही चार्जिंग देतोय. मग वीज जाते कुठे?

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण निम्मे बिघाड इथेच सापडतात. वीज बॅटरीच्या प्लसमधून निघते, सेल्फमधून जाते, आणि तिला मायनसला परत यावं लागतं. परतीचा रस्ता म्हणजे इंजिनाची बॉडी, तिथून चेसिसला जोडलेली विणलेली तांब्याची पट्टी आणि चेसिसपासून बॅटरीपर्यंतची केबल. आपण सगळे जाण्याचा रस्ता तपासतो, येण्याचा कोणी बघत नाही. (हशा) डिझेलचा सेल्फ सहज २०० अँपिअर ओढतो. या परतीच्या रस्त्यात फक्त एक शतांश ओहमचा अडथळा आला, तर २०० गुणिले ०.०१, म्हणजे २ व्होल्ट तिथेच खर्च! आणि एवढा बारीक अडथळा साध्या मीटरच्या ओहमच्या खुणेवर दिसतच नाही. मीटर शून्य दाखवतो, आपण म्हणतो वायर चांगली आहे. तारेचा एक पदर शिल्लक असला तरी मीटर तेच सांगेल.

म्हणून भार चालू असताना मोजायचं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, केबलच्या लगवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर. दुसरं टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, गाडी न्यूट्रलमध्ये हवी. ०.२ व्होल्टच्या आत आलं पाहिजे. या गाडीत २.१ आलं. बिचाऱ्या सेल्फला नऊ व्होल्टसुद्धा मिळत नव्हते, तो जड फिरणारच.

खाली जाऊन बघितलं तर इंजिन आणि चेसिसमधली ती पट्टी जवळजवळ तुटलेली. दोन-चार तारा लोंबत होत्या. आता ॲक्सिलरेटरचं कोडं बघा. मुख्य रस्ता बंद झाल्यावर वीज मिळेल ती वाट धरते. इंजिनाला आणि बॉडीला जोडणारी धातूची दुसरी वस्तू कोणती? ॲक्सिलरेटरची केबल. प्रत्येक वेळी सेल्फ मारला की तिच्यातून करंट जायचा, ती तापायची, आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून चिकटलं होतं. बॅटरी बदलून हे सुटणार नव्हतं. उलट नवी, दमदार बॅटरी केबलला जास्तच तापवत होती. पट्टी आणि केबल, दोन्ही मिळून खर्च हजाराच्या आत.

पण पट्टी तुटली का? हे विचारलं नाही तर सहा महिन्यांनी पुन्हा तुटते.

इंजिनाच्या एका बाजूचं माउंटिंग, म्हणजे ते रबर, फाटलं होतं. इंजिन हलायचं, पट्टीला हिसके बसायचे. त्याला विचारलं, गाडी कंप देते का? म्हणाला, "हो, साठच्या पुढे सीटखाली घूं घूं होतं. चार महिने झाले." चार महिन्यांपूर्वी काय केलं होतं? "शाफ्टचा क्रॉस बदलला होता." हे उत्तर फार मोलाचं असतं बरं का. बिघाड कधीपासून, आणि त्याच्या आधी गाडीला कोणाचा हात लागला, हे दोन प्रश्न मीटरच्याही आधीचे.

कंप ओळखायचा तर थोडं गणित करू. पिकअपचं टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातं. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला १० फेरे घेतं. डिफरन्शियलचं प्रमाण चारास एक धरलं तर प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला ४० फेरे घेतो. चाकाचा दोष हाताला जाणवतो, धडधड धडधड, स्टिअरिंग हलतं. शाफ्टचा दोष कानाला आणि बुडाला जाणवतो, गुणगुण येते. (हशा) हसू नका, माणसाचं बूड हे उत्तम यंत्र आहे. स्टिअरिंग हललं तर आधी पुढची चाकं, सीट हललं तर मागचा भाग.

इंजिनाचा कंप कसा वेगळा काढायचा? सपाट, मोकळ्या रस्त्यावर, घाटात मुळीच नाही, ज्या वेगाला कंप येतो तोच वेग ठेवून एक गिअर खाली घ्या. इंजिनाचे फेरे वाढतात, शाफ्टचे तेवढेच राहतात. कंप तसाच राहिला तर इंजिन सुटलं.

या गाडीत तसाच राहिला. शाफ्ट खाली घेतला, आणि चूक दिसली. क्रॉसच्या जॉइंटचा स्वभाव असा की तो कोनात फिरताना पुढचा भाग एकसारखा फिरला तरी मागचा एका फेऱ्यात दोनदा पुढे-मागे होतो. म्हणून शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तसाच जॉइंट देतात, तो पहिल्याचा हेलकावा मोडून काढतो. पण त्यासाठी दोन्ही टोकांचे कान एका रेषेत पाहिजेत. ज्याने क्रॉस बदलला, त्याने सरकता जोड पुन्हा बसवताना खाचा चुकवल्या. हेलकावा मोडायच्या ऐवजी वाढला. उघडण्याआधी खडूची एक रेघ मारली असती तर हे झालं नसतं. या कंपानेच माउंटिंग फाडलं, असं मी शपथेवर सांगणार नाही, रबर जुनंही होतं. पण हातभार नक्की लावला.

रिकाम्या गाडीत कंप जास्त आणि माल भरल्यावर कमी, असंही होतं. त्याचं कारण पाटे. रिकामा हौदा वर असतो, शाफ्टचा कोन वेगळा पडतो. पाट्यात कोणी जास्तीचं पान घातलं असेल तर आधी ते बघा.

मागच्या दिव्यांचं थोडक्यात सांगतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हे भूत नाही. दिव्याचा अर्थ गंजलाय, म्हणून करंट शेजारच्या बल्बमधून उलटा फिरून जातो. बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर दिव्याच्या अर्थला लावून बघा. नीट पेटला तर गंज घासा.

आणि फ्यूज. वायरला वाचवण्यासाठी फ्यूज असतो. १० चा सतत उडतो म्हणून ३० चा टाकला, किंवा तांब्याची तार गुंडाळली, की मग वायरच फ्यूज होते. हौद्याखाली जिथे वायर पत्र्याच्या काठावरून जाते तिथे हात फिरवा, कंपाने तिथंच ती सोलवटते. जादा हॉर्न, रंगीत लाइटी, टेप यांचे जोड टेप गुंडाळून केलेले असतील तर पहिला संशय त्यांच्यावर घ्या.

तो तरुण परवा भेटला. गाडी अजून वाशीला जाते. आता ज्यांना आपल्या गाडीबद्दल विचारायचंय त्यांनी हात वर करा, आणि एकच विनंती, कधीपासून होतंय ते आधी सांगा.