विश्वस्ताची सही

एखाद्या रविवारी सकाळी गावातील दोन-तीन प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या घरी येतात. चहा होतो, इकडच्यातिकडच्या गोष्टी होतात आणि मग त्यांतील वडीलधारे गृहस्थ मुद्द्यावर येतात. "आमच्या विद्यार्थी-वसतिगृहाच्या विश्वस्त मंडळात एक जागा रिकामी झाली आहे. आपण यावे, अशी सर्वांची इच्छा आहे." आपण थोडे आढेवेढे घेतो. "मला वेळ कुठला? पण नाव घालायचे असेल तर घाला," असे म्हणतो. पाहुणे समाधानाने उठतात. आपणही मनातून सुखावतो.

श्रोतेहो, या 'नाव घाला' विषयीच मला आज बोलावयाचे आहे. कारण असे नाव मीही एकदा घालू दिले होते.

आपल्याकडील पुष्कळशा संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. हा दुसरा कायदा पूर्वी मुंबई राज्याच्या नावाने होता, आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. कोणी स्वतःला कार्यकारिणीचा सभासद म्हणवो की विश्वस्त म्हणवो, संस्थेचा कारभार ज्यांच्या हाती, त्यांनाच हा कायदा जबाबदार धरतो. काम करणारा विश्वस्त आणि नावापुरता विश्वस्त अशा दोन जाती त्यात नाहीत. वसतिगृहाची इमारत, बँकेतील ठेव, कोठीतील धान्य यांपैकी काहीच विश्वस्ताचे नसते. पण त्या सर्वांचा जाब मात्र त्याला द्यावा लागतो.

येथे संस्थापक आणि विश्वस्त यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. संस्थापकाचा गुण असा देण्यात दिसतो. परंतु संस्था उभी राहिली, तिच्या नावावर जमीन आली, देणग्या येऊ लागल्या, म्हणजे दुसऱ्या एका गुणाची गरज पडते. हा गुण विचारण्याचा. पैसा कोठून आला, कोणत्या कामासाठी आला आणि त्याच कामी लागला का, हे जो विचारतो तो विश्वस्त. आपल्याकडे पहिल्या गुणाचे पोवाडे होतात. दुसऱ्याला मात्र 'खोडसाळपणा' म्हणण्याची चाल आहे.

आता माझी हकीकत सांगतो. एका जिल्ह्याच्या गावी खेड्यांतील गरीब मुलांसाठी एक वसतिगृह होते. त्याच्या मंडळावर मी सहा वर्षे होतो. वर्षातून चार सभा होत. ज्या सभेला मी जात नसे, तिचे इतिवृत्त शिपाई घरी आणून देई आणि मी दारातच उभ्याउभ्या सही करून परत करी. खजिनदार गृहस्थ सज्जन होते, अजूनही मी त्यांना सज्जनच म्हणेन. मंडळींच्या मनात एक सभागृह बांधावयाचे आले. देणग्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा बँकेतील 'पडून असलेली' रक्कम तात्पुरती वापरावी, असा ठराव झाला. त्या ठरावाखालीही माझी सही होती.

पुढे जून महिन्यात एक मुलगा माझ्या घरी आला. बारावी होऊन तो वसतिगृह सोडत होता. प्रवेशाच्या वेळी भरलेली पाच हजार रुपयांची अनामत त्याला परत हवी होती. पुढच्या कॉलेजची फी भरण्याची मुदत चार दिवसांवर आली होती. कचेरीतून त्याला तीनदा 'पुढच्या आठवड्यात ये' असे सांगण्यात आले होते. मी खजिनदारांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, तुम्हीच तर ठराव केलात. अनामतीचेच पैसे होते ते."

कोणी एक पैसाही खाल्ला नव्हता. सभागृह उभे होते, त्याचा हिशेब चोख होता. पण वापरलेला पैसा मुलांचा होता, आणि तो मुलांचा आहे हे सात शहाण्या माणसांपैकी एकालाही सुचले नव्हते. त्या मुलाची रक्कम त्या दिवशी मी दिली. हे मोठेपणाने सांगत नाही. बाकीच्या चाळीस-पन्नास मुलांचे काय, हा प्रश्न त्याने सुटला नव्हता. पुढे दीड वर्ष सभागृहाच्या खुर्च्या आणि पंखे लांबणीवर टाकून आम्ही ती भर करून काढली आणि अनामतीचे बँकखाते निराळे केले. त्या अवधीत ज्या मुलांना पैसे उशिरा मिळाले, त्यांपैकी कोणाचे वर्ष बुडाले काय, याची चौकशी कोणी केली नाही. मीही केली नाही.

ही चूक ताळेबंदात आधीपासून दिसत होती, हे मला मागाहून कळले. ताळेबंद वाचणे हिशेबनिसाचेच काम आहे असे समजून आपण पान उलटतो. वस्तुतः विश्वस्ताला पुरेल एवढे वाचन अर्ध्या तासात शिकता येते. एका बाजूस निधी व देणी असतात, दुसऱ्या बाजूस मालमत्ता. देण्यांत 'विद्यार्थी अनामत' या नावाखाली जी रक्कम दिसते, ती दुसऱ्या बाजूस रोख अथवा बँकेत कोठे तरी सापडली पाहिजे. देणे चार लाख आणि बँकेत शिल्लक साठ हजार असेल, तर मधले पैसे इमारतीत गेले आहेत हे उघड आहे, आणि इमारतीची वीट विकून मुलाला पैसे देता येत नाहीत. एखाद्या दात्याने शिष्यवृत्तीसाठी दिलेल्या निधीलाही हाच न्याय लावावा.

कायद्याची चौकटही फार अवघड नाही. संस्थेचा शिलकी पैसा कायद्याने सांगितलेल्या ठिकाणीच, म्हणजे मुख्यतः मान्य बँका, टपाल खाते, सरकारी रोखे यांत ठेवावयाचा असतो. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून जमीन किंवा इमारत विकता येत नाही आणि इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही. हिशेब दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. तपासनीसाच्या अहवालात काही शेरे असतात. ते सभेत मोठ्याने वाचून घ्यावेत. बहुतेक ठिकाणी 'अहवाल मंजूर' एवढेच म्हणून चहा मागवितात.

हितसंबंधांचा प्रश्न याहून नाजूक आहे. विश्वस्ताच्या मेहुण्याचे किराणा दुकान असते आणि वसतिगृहाचे धान्य तेथूनच येते. भाव दोन पैसे कमी असतीलही. तरी त्या विषयाच्या वेळी त्या विश्वस्ताने तशी कल्पना देऊन बाहेर जावे आणि तो बाहेर गेल्याचे इतिवृत्तात लिहावे. आपल्याकडे असे लिहिणे म्हणजे माणसावर अविश्वास दाखविणे, असे मानतात. परंतु १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत थोड्याच वर्षांत आजीव सभासदांमध्ये वाद झाला, तो अशाच प्रकारचा होता. सभासदाने आपला वेळ व मिळकत संस्थेबाहेर कितपत गुंतवावी, हा त्यातील एक मुख्य मुद्दा होता. टिळक, आगरकर, गोखले यांच्यापैकी कोणाच्याही सचोटीविषयी शंका घेण्यास जागा नव्हती, तरीही प्रश्न निघालाच. १८९० मध्ये टिळक बाहेर पडले, ते आपली बाजू विस्ताराने लिहून देऊन. मतभेद कागदावर ठेवण्याची ती पद्धत आपण का सोडली, कळत नाही. ठराव पटला नाही, तर 'माझा विरोध नोंदवावा' एवढे तीन शब्द पुरतात.

पैशाहून मोठी जोखीम मुलांची. घरापासून दूर असलेला मुलगा तक्रार कोणाकडे करणार? गृहपालाकडे, आणि तक्रार गृहपालाविरुद्धच असली तर? म्हणून प्रत्येक मुलाला मंडळातील निदान एका व्यक्तीचे नाव व चेहरा माहीत असावा. वसतिगृहात मुली असतील, तर मंडळात जबाबदार स्त्रिया हव्यातच. बालकांवरील लैंगिक अत्याचारांसंबंधी २०१२ चा कायदा आहे. त्यानुसार असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचे असे कृत्य दडविल्यास संस्थेच्या प्रमुखाला कैद होऊ शकते. 'संस्थेची अब्रू जाईल, आपसात मिटवू' असे सुचविणारा कोणीतरी सभेत निघतोच, आणि बहुधा तो वयाने वडील असतो. त्याचे ऐकू नये.

याचा अर्थ विश्वस्ताने रोज जाऊन स्वयंपाकीणबाईंना हुकूम सोडावेत, असा नव्हे. विश्वस्ताचा अधिकार मंडळाच्या सभेत असतो; सभेबाहेर एकटा विश्वस्त हा केवळ पाहुणा. गृहपालाचे काम गृहपालाने करावे. पण पाहुण्याने महिन्या-दोन महिन्यांतून एकदा आगाऊ न कळविता रात्रीच्या जेवणाला जावे, मुलांच्या पंगतीत बसावे, आमटीत डाळ किती आहे ते पाहावे. परतताना संडासाची कडी लागते का, तेही पाहावे. मी सहा वर्षांत तेथे जेवलो ते फक्त वार्षिक समारंभाच्या दिवशी, आणि त्या दिवशी श्रीखंड होते.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी देणगी द्यावी, पुस्तके द्यावी, रविवारी मुलांना गणित शिकवावे. मंडळावर जाऊ नये. जे आधीच गेले आहेत आणि ज्यांना आता बाहेर पडावयाचे आहे, त्यांनी एक खबरदारी घ्यावी. राजीनामा देऊन घरी बसल्याने काम पुरे होत नाही. विश्वस्त बदलल्यास नव्वद दिवसांच्या आत तसा बदल अर्ज धर्मादाय कचेरीत दाखल करावा लागतो, आणि तेथील नोंदवहीत जोवर आपले नाव आहे, तोवर नोटीस आपल्याच पत्त्यावर येते. माझ्या राजीनाम्यानंतर दोन वर्षांनी मला अशी एक नोटीस आली होती. तेव्हा राजीनाम्याची पोच घ्या, आणि बदल अर्जाचा क्रमांक मागून घ्या.