सेलवासचा शोधनिबंध छापतो कोण?

दादरा-नगर हवेलीतल्या सेलवासला स्वतःचं विद्यापीठ नाही. इथलं एसएसआर महाविद्यालय पुण्याच्या विद्यापीठाला संलग्न, देवकीबा महाविद्यालय मुंबईच्या, तर 2019 मध्ये सुरू झालेलं नमो वैद्यकीय महाविद्यालय सुरतच्या. गाव एक, दारं तीन. पण पेपर प्रत्येकालाच हवा असतो.

हे पेपरचं वेड प्राध्यापकांनी लावून घेतलेलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2009 च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक निबंध छापून आणणं सक्तीचं केलं आणि 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांची बढती एपीआय या कामगिरी-निर्देशांकाच्या गुणांना बांधली. मग पेपर छापून देणाऱ्यांचा धंदा सुरू झाला नसता तरच नवल. पैसे भरा, काही दिवसांत आयएसएसएन नंबर असलेला अंक आणि प्रमाणपत्र घरपोच! आयएसएसएन हा नुसता नोंदणीचा आकडा. आतल्या मजकुराशी त्याला देणंघेणं नाही. तरी बायोडेटात तो शिक्क्यासारखा मिरवतो. 2013 मध्ये ‘सायन्स’चे पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम चुका पेरलेला बनावट निबंध 304 नियतकालिकांकडे पाठवला. निम्म्याहून अधिकांनी तो स्वीकारला. त्या 304 पैकी जवळजवळ एक तृतीयांश भारतातली होती.

यूजीसीने यावर यादीचा उतारा काढला. 2017 मध्ये आलेल्या मान्यताप्राप्त यादीत हजारो नियतकालिकं होती. पुण्यात डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यातली विद्यापीठांनी सुचवलेली नावं तपासली. 2018 च्या ‘करंट सायन्स’मधला त्यांचा निष्कर्ष झोंबणारा होता: कुठल्याही मोठ्या सूचीत नसलेल्यांपैकी 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिकं सुमार असू शकतात. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं होतं. त्याच वर्षी 4,305 नावं वगळली गेली आणि 2019 मध्ये पुणे विद्यापीठातल्या कक्षाच्या मदतीने नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली. मग दलालही ‘केअरमध्ये छापून देतो’ म्हणू लागले, नामांकित अंकांची हुबेहूब बनावट संकेतस्थळं उभी राहिली.

मला खटकतं ते वेगळंच. वाईचं ‘नवभारत’ मासिक 1947 पासूनचं, मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ 1983 पासूनचं. असे अंक चालतात ते बिनपगारी संपादकाच्या जिवावर. लेख परत पाठवायचा, दुरुस्त्या सुचवायच्या, पुन्हा वाचायचा. या कामाला एपीआयने कधी धड गुण दिले नाहीत. दादरा-नगर हवेलीत निम्मी लोकसंख्या आदिवासी आहे. वारली, कोकणा, धोडिया बोलींवर इथल्या शिक्षकाने मराठीत नेटका लेख लिहिला, तर त्याची खरी पारख अशाच अंकात होईल. ब्राझीलने 1997 मध्ये ‘सायेलो’ हे ऑनलाइन व्यासपीठ उभारून आपल्या भाषेतली नियतकालिकं सरकारी पैशाने जगासमोर खुली केली. आपण पैसा लावला तो वाचण्यावर: ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’साठी 2025 ते 2027 या तीन वर्षांत 6,000 कोटी रुपये, त्यात 30 बड्या प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं.

2022 च्या नियमांनी पीएचडीसाठीची पेपरची सक्ती उठली. फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादीही बंद झाल्याचं जाहीर झालं. चांगलं नियतकालिक कोणतं, हे आता ज्या त्या संस्थेने ठरवायचं. सेलवासच्या वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात समितीपुढे वारली बोलीवरचा मराठी निबंध आला, तर त्याचा अंक पारखायला बहुधा अकाउंटन्सी आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक बसतील.