पाय धुणारा गुरु

ख्रिस्ती धर्मांतील नम्रतेची शिकवण एका साध्या कृतींत सांठविलेली आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायांत तिचें वर्णन येतें. धुळीच्या वाटेनें आलेल्या पाहुण्यांचे पाय धुणें हें त्या काळीं दासाचें काम. शेवटच्या भोजनसमयीं येशूनें कमरेस रुमाल बांधला, गंगाळांत पाणी ओतलें आणि तो शिष्यांचे पाय धुऊं लागला. पेत्रानें प्रथम नकार दिला. कारण थोरांची सेवा स्वीकारण्यासही नम्रता लागते. विश्वासघात करणारा यहूदाही तेव्हां तेथेंच होता. सेवा पात्रता पाहून करावयाची नसते, हाच याचा अर्थ.

पुढें या कृतीचा पवित्र गुरुवारचा विधि झाला. इंग्लंडचे राजेही पूर्वीं गरिबांचे पाय धूत. कालांतरानें तें सुटलें आणि नाणीं वांटणें तेवढें उरलें. उलट, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २८ मार्च २०१३ रोजीं रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगांत जाऊन १२ तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. दान उभ्यानें देतां येतें. पाय धुण्यास मात्र खालीं वांकावें लागतें.