मुद्दल, व्याज आणि नळाचे पाणी

विश्वस्त संस्थेचा हिशेब ज्यांनी एकदा तरी डोळ्यांखालून घातला आहे, त्यांना ‘कायम निधी’ म्हणजे काय हे सांगण्याचे कारण नाही. देणगीदाराची रक्कम ठेवीत ठेवावयाची, व्याजातून विद्यार्थ्यांना साहाय्य द्यावयाचे, आणि मुद्दलास हात लावावयाचा नाही. अडचणीच्या वर्षी मोह होतोच. परंतु हिशेब-तपासनीस वही पाहणार आहेत ही जाणीव हात आवरते. पर्यावरणशास्त्रात हल्ली ‘शाश्वतता’ या भारदस्त नावाने जे सांगितले जाते, ते याहून फारसे निराळे नाही.

ही कल्पना जन्मली तीही हिशेबी माणसाच्या डोक्यात. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात फ्रायबर्गजवळ चांदीच्या खाणी होत्या. धातू वितळविण्यास लाकूड लागे, आणि भट्ट्यांच्या तोंडी जंगले जाऊ लागली होती. तेथील खाणखात्याचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, जंगल जेवढे वाढते तेवढीच तोड करावी. चांदी आहे, पण सरपण नाही, अशी वेळ येऊ नये एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे १९८७ साली नॉर्वेच्या पंतप्रधान ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हाच विचार साऱ्या जगापुढे मांडला: आजच्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागविण्याची त्यांची शक्ती हिरावून घेऊ नये.

आता आपल्या वहीच्या भाषेत पाहू. दगडी कोळसा हे निव्वळ मुद्दल आहे. तो बनावयास कोट्यवधी वर्षे लागली. जाळला की संपला. सूर्यप्रकाश व वारा हे निव्वळ व्याज. ते कितीही वापरा, उद्याचे उद्या येणारच. खरी फसगत होते ती तिसऱ्या प्रकारात. जंगल, मासळी, शेतातील माती, भूगर्भातील पाणी ही मुद्दल राखले तर व्याज देतात. परंतु मुद्दल मोडावयास कोणाच्या सहीची गरज लागत नाही, आणि मोडले तरी ते लवकर कळत नाही.

भूजलाचेच पाहा. आपल्या माळव्याखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्यात पाणी मुरते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. मोठा साठा धरण्याची त्याची ऐपत नाही. जुन्या विहिरी या वरच्या थरापुरत्याच असत. दर पावसाळ्यात भरत, वैशाखात तळ दाखवीत. तळ दिसला की घरातील वडीलमाणूस ओरडे, आणि बादल्या मोजून निघत. म्हणजे विहीर स्वतःच हिशेब-तपासनीस होती. कूपनलिका शेकडो फूट खाली जाते. वर पाण्याची धार कालच्याइतकीच जोरदार असते, आणि खाली पातळी उतरत असते. ती उतरताना कोणास दिसत नाही. आज जगात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या आपल्या देशात उपसला जातो.

आता इंदूरच्या नळाकडे वळू. होळकर अमदानीत शहराची तहान बिलावली, यशवंतसागर अशा तलावांवर भागविली गेली. शहर वाढले, आणि १९७८ च्या सुमारास नर्मदेचे पाणी आले. पूर्वी नर्मदास्नानासाठी घाट उतरून मंडलेश्वर-महेश्वरास जावे लागे. आता नर्मदा घाट चढून आपल्या न्हाणीघरात येते. मंडलेश्वराजवळील जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर व सुमारे ५०० मीटर उंची तिला चढावी लागते.

हे चढणे फुकट होत नाही. हजार लिटर पाणी ५०० मीटर उचलावयास निव्वळ पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने सव्वा युनिटाहून अधिक वीज लागते. पंपातील तूट व नळातील घर्षण धरले की दोन युनिटांच्या घरात जाते. दहा वॅटचा दिवा दोनशे तास जळेल एवढी ही वीज. दिवा चालू राहिला तर आपण मुलांस रागावतो. गच्चीवरील टाकी वाहत राहिली तर शेजारी हाक मारीपर्यंत वर्तमानपत्र वाचत बसतो. (हा अनुभव लेखकाचा स्वतःचा आहे.)

जलूदच्या पंपांना सौर वीज मिळावी म्हणून इंदूर महानगरपालिकेने २०२३ साली जनतेस रोखे विकून २४४ कोटी रुपये उभारले. हे पाऊल योग्यच. कोळशाचे मुद्दल मोडण्याऐवजी सूर्याचे व्याज वापरावयाचे. परंतु एक इशारा जुना आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ साली दाखवून दिले की, वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला. वस्तू स्वस्त पडली की माणूस ती अधिक वापरतो. नर्मदेचा पहिला टप्पा पुरेनासा झाला, मग पुढले टप्पे आले. पंप सूर्यावर चालले तरी नदीतील पाणी तेवढेच आहे.

इंदुरात वर्षास सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तो नव्वद हजार लिटर होतो. वाया जाणारे वगळून सत्तर हजार हाती लागले, आणि माणशी रोज १३५ लिटर धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबास ते साडेतीन महिने पुरते. साठविण्यास एवढी टाकी कोणाकडे नसते हे खरे. पण विहीर असते.

आमच्या वाड्यातील विहिरीवर तीस वर्षे फरशी होती व फरशीवर सायकली. तीन वर्षांपूर्वी फरशी काढली, गाळ उपसला, आणि गच्चीचा नळ वाळू-खडीच्या गाळणीतून आत सोडला. पिण्यास नव्हे, धुण्यास व बागेस. आता विहिरीच्या कडेस गाठी मारलेला दोर टांगलेला असतो. पहिल्या ज्येष्ठात पाणी अकराव्या गाठीस लागले होते. गेल्या ज्येष्ठात ते आठवीस लागले. घरातील धाकटी नात दर पौर्णिमेस दोर सोडते आणि भिंतीवर खडूने आकडा लिहिते.